ओझे वेगळे, वजन वेगळे

(महिलांच्या व्यायामविषयक एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचा शब्दांकित मजकूर)



१९ सप्टेंबर २००० हा दिवस भारतीय क्रीडाविश्वाच्या स्मरणात कायमचा कोरला गेला आहे. त्या दिवशी सिडनी ऑलिम्पिकच्या भारोत्तोलन मंचावर आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याची कन्या कर्णम मल्लेश्वरी उभी होती. वजनगट ६९ किलोचा. स्नॅच प्रकारात तिने ११० किलो उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये १३०. एकूण २४० किलो. अखेरच्या प्रयत्नासाठी तिने दांडीवर १३७.५ किलो चढवायला सांगितले. ते वजन डोक्यावर स्थिरावले असते तर सुवर्णपदक भारताचे होते. ते स्थिरावले नाही. पण कांस्यपदक हाती आले आणि ऑलिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचे नाव इतिहासात नोंदले गेले. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्याच आधुनिक ऑलिम्पिकमध्ये होते. स्त्रियांना त्या मंचावर पाऊल ठेवण्यासाठी २००० साल उजाडावे लागले, आणि त्या पहिल्याच खेपेस भारताची कन्या पदक घेऊन परतली.

त्या यशाने घराघरांत आनंद झाला, शाळांच्या फळ्यांवर तिचे नाव लिहिले गेले. परंतु त्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्या किती घरांनी आपल्या लेकीला, सुनेला किंवा पन्नाशीच्या आईला वजन उचलण्याच्या व्यायामाची वाट दाखवली? या प्रश्नाचे उत्तर फारसे सुखावह नाही. पदक आपले आणि लोखंड मात्र परक्याचे, अशी मध्यमवर्गीय घरांची धारणा राहिली. त्याला आता पंचवीस वर्षे उलटून गेली. गावोगावी व्यायामशाळा झाल्या, शहरांत गल्लीबोळांत जिम निघाल्या, स्त्रिया तेथे जाऊही लागल्या. पण बहुतेक ठिकाणी त्यांच्या हाती एक-दोन किलोचे गुलाबी डंबेल दिले जातात आणि बाकीचा वेळ ट्रेडमिलवर जातो. जड वजन ठेवलेला कोपरा पुरुषांचा, हा अलिखित नियम कायम आहे. तो मोडण्याचे कारण काय आणि मोडायचा तर कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विचाराची सुरुवात एका प्रसिद्ध कथेपासून करता येईल. मणिपूरच्या इंफाळ पूर्व जिल्ह्यातील नोंगपोक काकचिंग गावची मीराबाई चानू. लहानपणी ती भावंडांबरोबर डोंगरात सरपण आणायला जात असे आणि मोठ्या भावाला न पेलणारी मोळी ती सहज डोक्यावर घेऊन घरी येई. हीच मुलगी पुढे २४ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४९ किलो गटात ८७ आणि ११५ असे एकूण २०२ किलो वजन उचलून रौप्यपदकाची मानकरी ठरली. स्वतःच्या शरीराच्या दुपटीहून अधिक भार तिने डोक्यावर धरला. ही कथा ऐकून लोक सहज म्हणतात, ‘पाहा, घरकामातूनच शक्ती येते, मुद्दाम व्यायाम कशाला हवा?’

हा निष्कर्ष चुकीचा आहे. डोंगराळ भागात मोळ्या वाहणाऱ्या मुली असंख्य आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींची चाळिशीत पाठ जाते, गुडघे जातात, मान आखडते. मीराबाईला मोळीने तिच्या अंगातील गुणाची ओळख करून दिली, एवढेच. तिला घडवले ते इंफाळच्या प्रशिक्षण केंद्राने, आखीव सरावाने, गुरूंच्या डोळ्यांत तेल घालून केलेल्या देखरेखीने, विश्रांतीने आणि आहाराने. घडणीचा तो मार्गही सरळ नव्हता. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये क्लीन अँड जर्कचे तिचे तिन्ही प्रयत्न फसले आणि नावापुढे एकूण वजनाचा आकडाही लागला नाही. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ती विश्वविजेती झाली.

मोळी हे ओझे आहे आणि लोखंडी दांडीवरचा भार हे वजन आहे. दोन्ही तराजूत सारखेच भरतील, पण शरीराच्या हिशेबात त्यांत फार अंतर आहे. ओझे कामाच्या सोयीने ठरते; घागर जेवढी मोठी तेवढी ती जड, उचलणारीची तयारी असो वा नसो. ते रोजचे असते, ताप आला म्हणून टळत नाही. ते एकाच अंगाने वाहिले जाते. कळशी नेहमी त्याच कमरेवर, मूल नेहमी त्याच कडेवर. आणि वर्षानुवर्षे तेवढेच राहते, त्यामुळे शरीराला आणखी बलवान होण्याचे कारणच उरत नाही, झीज तेवढी होत राहते. व्यायामाचे वजन मात्र उचलणारीच्या आजच्या शक्तीला अनुसरून ठरवले जाते, सरळ कण्याने आणि दोन्ही अंगांनी उचलले जाते, थोडे थोडे वाढवले जाते, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांची विश्रांती असते. शक्ती त्या विश्रांतीत वाढते, उचलण्याच्या क्षणी नव्हे. जात्यावर दळणाऱ्या आणि विहिरीचे पाणी ओढणाऱ्या आजीच्या काटकपणाचे पोवाडे गायले जातात, ते योग्यच आहे. पण त्या आजीला विश्रांती आणि पोटभर सकस अन्न मिळत होते का, हे कोणी विचारत नाही.

आता जड वजनच का, चालणे, सूर्यनमस्कार किंवा योगासने का पुरेशी नाहीत, हा प्रश्न येतो. ती सोडावीत असे कोणी म्हणत नाही. सूर्यनमस्काराने अंग लवचीक राहते, श्वास सुधारतो. चालण्याने हृदय निरोगी राहते. पण हाड आणि स्नायू यांचा स्वभाव निराळा आहे. हाडावर जसा ताण पडतो तशी त्याची रचना बदलते, हे तत्त्व ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. नेहमीच्याच ताणाची हाड दखल घेत नाही. सवयीपेक्षा अधिक ताण आला तरच नवा थर घालते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि हाडे वेगाने ठिसूळ होऊ लागतात. न्हाणीघरात पाय घसरतो, खुबा मोडतो, आणि आयुष्यभर घर चालवणारी बाई अंथरुणाला खिळते. हे दृश्य ज्याने आपल्या नात्यात पाहिले नाही असा माणूस या सभागृहात विरळाच असेल.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांनी हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्ती होऊन गेलेल्या १०१ स्त्रिया घेतल्या. सरासरी वय ६५. एका गटाला घरच्या घरी करण्याचा हलका व्यायाम दिला. दुसऱ्या गटाला जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजन उचलायला लावले. जास्तीत जास्त जेवढे एकदा उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक. आठ महिन्यांनी मोजमाप झाले. हलका व्यायाम करणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी १.२ टक्के घटली होती. जड वजन उचलणाऱ्यांची २.९ टक्के वाढली होती. एका स्त्रीची पाठ किंचित धरली, एवढीच काय ती इजा. ज्या वयात आपल्याकडे ‘आता वाकू नका, उचलू नका’ असे बजावले जाते, त्या वयाच्या या स्त्रिया होत्या. मात्र यातील एक बारकावा विसरता कामा नये. पहिला महिना त्यांना जड काहीच दिले नव्हते. हलक्या वजनावर केवळ हालचाली शिकवल्या होत्या.

याहून जुना प्रयोग अमेरिकेतील बोस्टनचा आहे. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. वृद्धसेवा केंद्रातील ८६ ते ९६ वर्षे वयाच्या दहा अशक्त स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत जे शक्य आहे ते चाळिशीत अशक्य म्हणणे हा केवळ आळस आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रत्येक प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यात स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही.

तरीही घराघरांत काही शंका घर करून बसल्या आहेत. त्यांना हसण्यावारी नेणे योग्य नव्हे, कारण त्या बहुधा आईच्या काळजीपोटी आलेल्या असतात.

पहिली शंका रूपाची. मुलगी पुरुषी दिसेल, तिचे लग्न कसे जमेल? स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या तुलनेत अत्यल्प असते. दोन-तीन दिवस वजन उचलून कोणाचे दंड पहिलवानासारखे होत नाहीत. तसे व्हावेत म्हणून पुरुषही वर्षानुवर्षे घाम गाळतात. अंग घट्ट होते, चाल डौलदार होते, खांदे सरळ राहतात. लग्नाविषयी म्हणाल तर मल्लेश्वरीचा विवाह १९९७ मध्ये झाला, पदक २००० मध्ये आले आणि २००१ मध्ये ती माता झाली. याहून अधिक काय सांगावे?

उंची खुंटते ही दुसरी समजूत. तिला वैद्यकीय आधार मिळालेला नाही. वाढत्या वयात भीती असते ती चुकीच्या पद्धतीची आणि देखरेखीच्या अभावाची.

गर्भाशय खाली सरकण्याच्या भीतीचा मात्र गांभीर्याने विचार हवा. ज्या स्त्रीला खोकताना वा शिंकताना लघवी निसटण्याचा त्रास आहे किंवा ओटीपोटात काही उतरल्यासारखे जडपण जाणवते, तिने आधी स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घ्यावेत. हा त्रास लपवण्याचा नाही, आणि तो उपचाराने बहुधा आटोक्यात येतो. गरोदरपणात जड वजनाचा नवा आरंभ करू नये; आधीपासून सराव असणारीने डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन उतरवत न्यावे. बाळंतपणानंतर, विशेषतः शस्त्रक्रिया झाली असेल तर, घाई नको. मासिक पाळीच्या दिवसांत व्यायामाला शास्त्रीय मनाई नाही. अंगाला झेपेल तसे करावे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, डोळ्यांच्या पडद्याचा विकार किंवा पूर्वीचा मणक्याचा आजार असल्यास डॉक्टरांची संमती घेतल्याविना रॉडला हात लावू नये.

आता आरंभाकडे वळू. नवशिक्या स्त्रीने पहिले दोन आठवडे वजनाचा विचारच करू नये. खुर्चीवर बसणे आणि हातांचा आधार न घेता उठणे, हीच पहिली बैठक. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेने, छाती वर. ज्यांना भारतीय पद्धतीने उकिडवे बसण्याची सवय आहे, त्यांचे हे काम निम्मे आधीच झालेले असते. पाश्चात्त्य स्त्रियांना जे महिनोन्‌महिने शिकावे लागते ते खेड्यातील बाईला जन्मतः येते, हा आपला ठेवा आहे. दुसरी हालचाल कमरेतून वाकण्याची. केरसुणीची काठी पाठीला उभी लावावी, अशी की ती डोक्याला, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला टेकेल. मग नितंब मागे ढकलत वाकावे. तिन्हींपैकी एकही स्पर्श सुटला तर पाठ गोल झाली असे समजावे. जमिनीवरून कोणतीही वस्तू उचलताना कण्याचे रक्षण करणारी हीच हालचाल आहे. पुढे तिलाच डेडलिफ्ट म्हणतात.

या दोन हालचाली अंगवळणी पडल्या की रॉडकडे जावे. स्पर्धेत स्त्रियांचा रॉड १५ किलोचा आणि पुरुषांचा २० किलोचा असतो. स्त्रियांचा रॉड २५ मिलिमीटर जाडीचा म्हणजे थोडा बारीक असतो, त्यामुळे लहान हाताच्या मुठीत नीट बसतो. बहुतेक जिममध्ये मात्र २० किलोचाच रॉड असतो. म्हणून कोणता रॉड किती वजनाचा हे आधी विचारून घ्यावे, वजनकाट्यावर ठेवून पाहिले तर उत्तम. नवशिक्या स्त्रीला डोक्यावर ढकलण्याच्या प्रकारात रिकामा रॉडही जड जातो; तेथे तीन ते पाच किलोच्या डंबेलपासून सुरुवात केल्याने काही कमीपणा येत नाही. डेडलिफ्टची अडचण निराळी. स्पर्धेच्या मोठ्या चकत्या ४५० मिलिमीटर व्यासाच्या असतात, त्यामुळे रॉड जमिनीपासून साधारण नडगीच्या मध्यावर राहतो. हलक्या चकत्या लहान असतात, रॉड घोट्याजवळ जातो आणि नवशिक्यांची पाठ तेथेच वाकते. अशा वेळी दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठेवून रॉड वर उचलून घ्यावा. ही साधी गोष्ट अनेक प्रशिक्षकही करत नाहीत.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, मध्ये किमान एक दिवस मोकळा. बैठक, जमिनीवरून उचल, डोक्यावर ढकलणे, छातीवरून ढकलणे आणि रॉड वा डंबेल पोटाकडे ओढणे, या पाच प्रकारांत सगळे शरीर येते. एका दिवशी त्यातील तीन घेतले तरी चालतात. प्रत्येकाचे तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये पाच आवर्तने. दोन सेटमध्ये दोन-तीन मिनिटे स्वस्थ बसावे. घरी सतत काहीतरी करत राहण्याची सवय असलेल्या बाईला हे बसणे सर्वांत अवघड जाते, आणि तेच सर्वांत आवश्यक असते.

जड म्हणजे किती, याचे उत्तर शेजारणीकडे पाहून ठरवायचे नाही. योग्य पद्धतीने पाच-सहा वेळा उचलता येते, सातव्या-आठव्याला पद्धत बिघडेल असे वाटते, ते आपले जड वजन. कोणाचे १५ किलो, कोणाचे ६०. पंधरा-वीस वेळा गप्पा मारत उचलता येणारे वजन हलके, मग ते कितीही घाम काढो. पाच आवर्तने तिन्ही सेटमध्ये स्वच्छ झाली की पुढच्या वेळी पायांच्या प्रकारांत २.५ किलो आणि हातांच्या प्रकारांत त्याहून कमी वाढवावे. आठवड्याला एकदाच २.५ किलो वाढले तरी सहा महिन्यांत ६५ किलोंची भर पडते. कोणाचाही आलेख इतका सरळ चढत नाही; वजन अडते, आजारपण येते, घरात लग्नकार्य निघते. तेव्हा दोन पावले मागे येऊन, वजन थोडे उतरवून पुन्हा चढावे.

श्वासाची रीत उचलण्याआधी शिकावी. पोट भरून श्वास घ्यावा, पोट चहूबाजूंनी घट्ट करावे, वजन उचलावे आणि वर पोहोचल्यावर श्वास सोडावा. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र श्वास रोखू नये. बैठका मारताना रॉडच्या खाली दोन्ही बाजूंना आडवे आधार लावलेले असावेत. छातीवरून ढकलण्याचा प्रकार एकटीने कधीही करू नये. रॉड छातीवर अडकला तर सोडवायला दुसरे माणूस हवे. स्थिर दुखणे आणि श्रमाचे दुखणे यांतील फरक ओळखावा: स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकतात ते श्रमाचे, दोन-तीन दिवसांत जाते; सांध्यात किंवा कण्यात टोचणारी, पायात उतरणारी कळ आली तर तेथेच थांबावे.

वेषाबद्दल नाहक वाद होतात. सैलसर ट्रॅक पँट आणि टी-शर्ट, किंवा ओढणी नसलेला पंजाबी ड्रेस, काहीही चालेल. रॉडला अडकेल असे अंगावर काही नसावे, इतकेच. लांब मंगळसूत्र रॉडखाली येते. ते काढून ठेवावे, आणि काढायचे नसेल तर आखूड करून कपड्याच्या आत घ्यावे. अंगठी घालून रॉड धरला तर बोट चिमटते. काचेच्या बांगड्यांविषयी सांगण्याची गरज नाही. जाड मऊ तळव्याचे धावण्याचे बूट टाळावेत, त्यांत पाय डुगडुगतो. चपट्या तळव्याचे बूट घालावेत. जागा स्वच्छ असेल तर आपल्या तालमीतल्याप्रमाणे अनवाणी पाय उत्तम.

जिम जवळ नाही, फी परवडत नाही, असेही सांगितले जाते. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार भरला की पाण्याचेच वजन वीस किलो होते. जाड गोणीत मोजून वाळू भरली, तोंड शिवले आणि त्यावर आकडा लिहिला, तर तिच्यासारखे साधन नाही. आपल्या तालमींतील मुद्गल आणि करेला याच विचारातून आले होते.

आता आहार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. महाराष्ट्राचा आकडाही निम्म्याहून अधिकच आहे. रक्तात लोह नसताना हातात लोखंड देणे हा अविचार आहे. म्हणून व्यायामाला आरंभ करण्यापूर्वी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. आणि घरात सर्वांची पाने वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते आपले, ही रीत थांबवावी लागेल. तिला त्यागाचे नाव देऊन गौरवणे सोपे असते, पण त्या गौरवाने हाडे भरत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या स्त्रीला साधारण ४६ ग्रॅम. वजनाचा व्यायाम करणारीला याहून अधिक, सुमारे ६५ ते ७० ग्रॅम लागतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढेच, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. अंडी खाणाऱ्या घरात एका अंड्याचे सहा. पातळ आमटी आणि दोन पोळ्या यांवर हा हिशेब जुळत नाही. मोड आलेली कडधान्ये, दही, सोयाबीन, भाकरीबरोबर दाण्याची चटणी अशी भर घातली तर शाकाहारी पानातही तो जुळतो.

जिमच्या काउंटरवर विकल्या जाणाऱ्या अनोळखी भुकट्या आणि गोळ्यांपासून मात्र दूर राहावे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भारताच्या दोन महिला भारोत्तोलक उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्या आणि चार वर्षांपूर्वी मिळालेल्या कीर्तीवर डाग पडला. घरगुती व्यायाम करणाऱ्या बाईची चाचणी कोणी घेणार नाही, पण यकृत आणि मूत्रपिंडे तिचीच आहेत.

हे सारे एकट्या स्त्रीच्या निश्चयावर सोपवून चालणार नाही. आठवड्यातून दोनदा एक तास म्हणजे कुकर कोणी लावायचा, मुलाला शाळेतून कोणी आणायचे, सासऱ्यांचा चहा कोणी करायचा, हे त्या घरातील पुरुषांनी आधी ठरवायचे आहे. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळची हर्षदा गरुड हिने मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात ७० आणि ८३ असे १५३ किलो उचलून सुवर्णपदक जिंकले. कनिष्ठ जागतिक भारोत्तोलनात भारताचे ते पहिलेच सुवर्ण. तिचे वडील स्वतः याच खेळातले होते. महानगरातील वातानुकूलित जिममध्ये नव्हे, तर एका तालुक्याच्या गावात, गुरूच्या हाताखाली आणि वडिलांच्या पाठबळावर ही कन्या घडली. सगळ्याच मुलींना पदक मिळवायचे नाही. पण पाठबळ सगळ्यांनाच लागते.

ज्या व्यायामशाळा गावातील मंडळे चालवतात, त्यांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. आठवड्यातील तीन दिवस दुपारचे दोन तास केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवा. ती वेळ अशी असावी की स्वयंपाक उरकलेला असेल आणि मुले शाळेत असतील. १.२५ किलोच्या चकत्यांच्या दोन जोड्या विकत आणा. त्या फार स्वस्त असतात आणि त्यांच्याविना नवशिक्या स्त्रीची वाढ अडते. शिकवणारी स्त्री मिळाली तर फारच चांगले, नसेल तर शिकवणाऱ्याने हात न लावता शब्दांनी आणि स्वतः करून दाखवून शिकवावे. भिंतीवर एक वही टांगा. तीत प्रत्येकीने तारीख, प्रकार, वजन आणि आवर्तने एवढेच लिहावे. स्वतःच्या शरीराचे वजन त्या वहीत लिहू नये. पहिल्या दोन महिन्यांत तो आकडा बहुधा हलत नाही आणि तो पाहून निम्म्या जणी सोडून जातात.

आणि सत्तरीच्या आजींना रॉडपर्यंत जाणे जमणार नसेल, तर त्यांनी घरीच खुर्चीवरून उठण्या-बसण्याने सुरुवात करावी. एका वेळी पाच आवर्तने, थोडे थांबून पुन्हा पाच. हातांचा आधार न घेता सहज जमू लागले की दोन्ही हातांनी छातीशी दोन किलोची पिशवी धरावी, मग तीन किलोची. खुर्ची हात नसलेली, लाकडी आणि न हलणारी असावी, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली, म्हणजे ती मागे सरकत नाही; आणि पहिले काही दिवस घरातील कोणीतरी शेजारी उभे असावे.